भिंगाचा पाय

भिंगाला पाय असतो, ही गोष्ट गेल्या मार्गशीर्षापर्यंत आमच्या घरात कोणासही ठाऊक नव्हती. भिंगास डोळा म्हणावे, फार तर मान म्हणावी, पण पाय? आम्ही तो बोटाने दाखवला तेव्हा सौभाग्यवतींनी चष्मा सरसावून त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "अहो, या एवढ्याशा तुकड्यापायी आठ दिवस तुमचे जेवणात लक्ष नाही होय?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर त्या वेळी आम्हांस नीट देता आले नाही, ते येथे देण्याचा विचार आहे.

दूरचे पक्षी टिपण्याचे टेलिफोटो भिंग हे कॅमेऱ्यापेक्षा किती तरी जड असते. निकॉनचे १८०-६०० मिलिमीटरचे भिंग पायासकट २१४० ग्रॅम भरते; सोनीचे २००-६०० चे पायावाचूनच २११५ ग्रॅम. एवढे ओझे कॅमेऱ्याच्या तोंडाशी लोंबकळत ठेवले तर सारा ताण दोघांच्या जोडावर येतो. म्हणून कारखानदार भिंगाच्या कमरेस एक कडे घालतो आणि त्या कड्याखाली बोटभर लांबीचा धातूचा तुकडा बसवतो. तोच पाय. तिवईवर उभा राहतो तो पाय, हाताने उचलतो तोही पाय, आणि खांद्याचा पट्टा अडकवायचा तोही शहाण्याने पायातच. आमचे भिंग कोणत्या घराण्याचे हे सांगण्याचे कारण नाही. कारण झाल्या प्रकारात त्याचा अथवा त्याच्या कर्त्याचा काहीएक दोष नव्हता.

प्रकार घडला गोसीखुर्द येथे. नागपुराहून उमरेड, मिरच्यांचे भिवापूर आणि मग पवनी, असा तिकडचा रस्ता आहे. वैनगंगेवरील या धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते बसली. कागदोपत्री त्याचे नाव इंदिरासागर, पण त्या मुलखात सारे जण त्याला गोसेचे धरण म्हणतात. अकरा किलोमीटरांहून लांब बांध, तेहतीस दरवाजे, आणि त्यांच्या मागे दृष्टी पोहोचेल तेथवर पाणी. हिवाळ्यात या पाण्यावर चक्रवाक उतरतात. संस्कृत कवींनी ज्यांना रात्रभर विरहात कण्हत ठेवले तेच हे पक्षी. प्रत्यक्षात मात्र ते जोडीने अगदी सुखात चरताना दिसतात, आणि आमच्यासारख्या काव्य शिकवून पोट भरणाऱ्याची थोडी पंचाईत होते.

त्यांच्यासाठी आम्ही एका ढिवरभाऊंचा डोंगा ठरवला होता. काठावरून डोंग्यात पाऊल टाकले, आणि खांद्यावरचे ओझे एकाएकी नाहीसे झाले. पट्टा खांद्यावर होता, भिंग नव्हते. ते डोंग्याच्या फळीवर आपटून जाळ्यांच्या ढिगात पडले होते. वीतभर पलीकडे पडते तर वैनगंगेने ते परत दिले नसते. भाऊंनी ते उचलले, दुपट्ट्याने पुसले, उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "सर, एवढा मोठा सामान अन् एकाच खिळ्यावर?" तो खिळा नसून स्क्रू आहे, असे आम्ही सांगितले. जणू त्याने आमची बाजू सावरणार होती!

काच शाबूत होती, कॅमेराही शाबूत होता. घाव पायाने सोसला. त्याची एक कड मुडपली आणि पोटातल्या भोकाचे आटे साफ खरवडून निघाले. कारण उघड होते. पट्ट्याचे टोक आम्ही त्या भोकात एका स्क्रूने पिळून बसवले होते आणि मग महिनोन्महिने तिकडे पाहिले नव्हते. चालताना भिंग प्रत्येक पावलागणिक झुलते, झुलताना किंचित फिरते, आणि फिरता फिरता स्क्रूला रोज केसभर ढिले करते. भोक आहे पाव इंचाचे, इंचास वीस आटे. आपल्या देशाने १९५६ साली कायदा करून इंच-पौंडांना निरोप दिला, तरी साऱ्या जगाच्या कॅमेऱ्यांच्या पोटात तो इंग्रजी पाव इंच अजून ठाण मांडून आहे.

त्या दिवशी चक्रवाक राहिले. पण परत फिरताना भाऊंनी एक मागणी केली. त्यांचे गाव आता पाण्याखाली आहे. घर सोडताना दाराची चौकट व आढे काढून आणले; अंगणातली चिंच आणता आली नाही. ती वाळून गेली तरी अजून पाण्यात उभी आहे आणि तिच्या शेंड्यावर मासे धरणारा कैकर बसतो. तिचा फोटो त्यांना हवा होता. डोंग्यातून मोबाइलवर त्यांनी एकदा काढलाही होता, पण तो त्यांना पटला नव्हता. गावाकडची जुनी सडक जेथे पाण्यात उतरते तेथून, वाटेने घरी येताना दिसे तशी ती चिंच त्यांना पाहिजे होती. तेथून ती साध्या डोळ्यांना काडीएवढी दिसते. म्हणजे आमचेच भिंग हवे, तिवई हवी, आणि पाय हवा.

एरवी आम्ही कारखानदाराचा मूळ पाय मागवून मोकळे झालो असतो. पण आता शोध सुरू केला आणि त्यात बुडालो. मूळ पाय तळाशी सपाट होता. तिवईच्या डोक्यावर आज जी पकड रूढ आहे, आर्का-स्विस या नावाची, तिला पारव्याच्या शेपटीसारखे खाली फाकत जाणारे कंगोरे लागतात. रुंदी सुमारे ३८ मिलिमीटर. कॅनन व निकॉन यांच्या बहुतेक भिंगांच्या पायांस ते नसतात. टॅमरॉनच्या १५०-६०० च्या दुसऱ्या आवृत्तीस कारखान्यातूनच असतात. नसले तर खाली एक वेगळी पट्टी जोडावी लागते. म्हणजे एका सांध्याचे दोन सांधे झाले, आणि सांधा आला की झोल आला. सहाशे मिलिमीटरच्या भिंगात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अवघे चार अंश मावतात. तेथे केसाएवढा झोल म्हणजे चिंचेच्या दोन चिंचा.

अमेरिकेत कर्क, विम्बर्ली यांसारखे कारखाने अशा भिंगांसाठी कंगोऱ्यांचे पाय करतात; चीनमधील लिओफोटोही करते. त्यांतही लांब पाय घ्यावा की आखूड? आखूड पाय हलका व पिशवीत मावणारा. लांब पाय मागेपुढे सरकवून तोल साधता येतो. आमच्या भिंगाचा तोल मूळ पायाच्या दोन बोटे पुढे पडतो, हे आम्ही ते एका डस्टरवर आडवे ठेवून ठरवले. (त्या आठवड्यात वर्गातला डस्टर हरवल्याची तक्रार झाली होती, ती येथे निकालात निघते.) उंचीचाही विचार असतो. पाय बुटका असेल तर थरथर कमी, पण कडे व पाय यांच्यामध्ये बोटे शिरली पाहिजेत, नाहीतर उचलायचे कसे? आमची बोटे आता पूर्वीइतकी चिवट राहिलेली नाहीत. म्हणून थोडी उंची पत्करली.

मध्येच स्वदेशीचा एक झटका येऊन गेला. भंडाऱ्याची पितळेची भांडी प्रसिद्ध. मग पितळेचा पाय का नसावा? तेथल्या एका लेथवाल्यांकडे गेलो. त्यांनी मोडका पाय तळहातावर तोलला व हसून म्हणाले, "सर, पितळ याच्या तिप्पट भरंल. अन् हे कंगोरे लेथवर नाही निघत, मिलिंगचं काम आहे." भोक मोठे करून पोलादी बुश बसवता येईल, हे त्यांनी आपण होऊन सांगितले, पण मुडपलेली कड तिवईवर सपाट बसणार नव्हती. मग त्यांनी विचारले, "वजन टांगता कशावर?" ढिवरभाऊंनी विचारले तेच. कोणत्याही दुकानाने हा प्रश्न आम्हांस विचारला नव्हता.

तेव्हा पट्ट्याचा विचार. स्क्रूने पिळण्याची पद्धत आम्ही कायमची सोडली. बंदुकीच्या पट्ट्यावरून आलेली एक खटक्याची जोडणी मिळते. पायात एक वाटी असते. कळ दाबून खुंटी आत घातली की तिच्या अंगच्या बारीक गोळ्या वाटीत अडकतात, आणि झुलण्याने त्या सुटत नाहीत. मात्र वाटी पोलादाची असावी. नुसत्या अ‍ॅल्युमिनियमात कोरलेली वाटी घासून घासून सैल होते. तरीही ही जोडणी झाली एकच. दुसरी म्हणून आम्ही कड्याच्या कानातून एक चिवट दोरी पट्ट्यास बांधली. तिच्यावर एरवी भार नसतो. पहिली सुटली तरच येतो. या दोरीच्या आत वेगळ्या रंगाचा धागा आहे. वरचे वेष्टन झिजले की तो दिसू लागतो, आणि मग दोरी बदलायची.

पाय आला तो लांब, कंगोऱ्यांचा, पोलादी वाटीचा. किंमत सौभाग्यवतींना सांगितली नाही. त्यांनी ती पुड्यावर वाचली. तो कड्यास बसवताना स्क्रूंना निळे चिकट द्रव्य लावले. लाल लावू नये. ते वाळल्यावर स्क्रू तापवल्याशिवाय निघत नाही. पाय पकडीतून घसरू नये म्हणून त्याच्या दोन्ही टोकांस अटकावाचे स्क्रू हवे होते, ते भंडाऱ्याच्या लेथवाल्यांनी दिले आणि पैसे घेतले नाहीत.

माघात पुन्हा गेलो. उजाडण्यापूर्वी भाऊंसह त्या सडकेच्या टोकाशी उभे होतो. डांबर सरळ पाण्यात उतरते. दोन पावलांवर ते दिसेनासे होते. ऊन चढल्यावर पाण्यावरची हवा थरथरू लागते, म्हणून घाई होती. तिवई रोवली, पाय पकडीत सरकवला, तोल पाहून आवळला आणि हात काढून घेतला. चिंच चौकटीत स्थिर झाली. शेंड्यावर कैकर नव्हता, त्याची वाट पाहू म्हटले, तर भाऊ म्हणाले, "राहू द्या सर, तवा तो नव्हता."

फोटो निघाले. त्यांना पाहता यावेत म्हणून कॅमेरा तिवईवरून काढून पुढे केला. त्यांनी आधी पट्टा आपल्या गळ्यात घातला, खटका ओढून पाहिला, दुसरी दोरी ओढून पाहिली, आणि मग पडद्यावर डोळे नेले. बऱ्याच वेळाने त्यांनी चिंचेच्या बुंध्याच्या डावीकडच्या पाण्यावर बोट ठेवले. "दार इकडं होतं," ते म्हणाले.