झाकली मूठ

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली, त्याच्यावर ती मूठ उघडण्याचा प्रसंग बहुधा आलाच नसावा. संगणकावरील माहितीची राखीव प्रत ही अशीच एक मूठ होय. ती आहे, एवढ्या समाधानावर आपण स्वस्थ झोंपतों. तिच्यांत काय आहे, तें मात्र संकटाच्या रात्रींच कळतें.

३१ जानेवारी २०१७ रोजीं गिटलॅब या कंपनीवर अशी रात्र ओढवली. प्रोग्राम लिहिणारांचें काम सांभाळून ठेवणें हा तिचा व्यवसाय. तिच्या एका अभियंत्यानें दुय्यम सर्व्हरवरची माहिती पुसावयाची, ती मुख्य सर्व्हरवरची पुसली. क्षणा-दोन क्षणांत त्यानें हात आवरला. पण सुमारें ३०० गिगाबाइटांपैकीं साडेचारच उरले होते. राखीव व्यवस्था पांच प्रकारच्या होत्या. एकीवरही विसंबतां येईना. रोजची प्रत आवृत्त्यांचा मेळ न बसल्यामुळें निघतच नव्हती, आणि तशी सूचना देणारे ई-मेल कोणाला पोंचत नव्हते. सहा तासांपूर्वीं भलत्याच कामासाठीं घेतलेली एक प्रत तेवढी उपयोगीं पडली. मधल्या सहा तासांतल्या नोंदी गेल्या त्या गेल्याच.

मला कौतुक वाटतें तें पुढच्या वर्तनाचें. दुरुस्ती चालू असतांनाच तिचीं टिपणें त्यांनीं जगापुढें ठेवलीं, आणि १० फेब्रुवारीला सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. त्यांत त्या अभियंत्याचें नांव नाहीं. ‘हें कोणीं केलें’ यापेक्षां ‘हें होऊं कसें शकलें’ याचाच शोध आहे.

कोणी म्हणेल, घरची अब्रू अशी चव्हाट्यावर कशाला मांडावी? परंतु दोषाला नांव चिकटलें कीं दुसरा मनुष्य आपला दोष लपवूं लागतो, आणि लपविलेला दोष शेजारच्या घरीं पुन्हां जन्म घेतो. तो अहवाल वाचून ज्यानें आपली प्रत वेळींच उलगडून पाहिली असेल, त्याचें टळलेलें नुकसान कोणत्याच वहींत नोंदलें जाणार नाहीं.

आमच्या घरीं आईचीं पत्रें आतां संगणकावर आहेत. तो अहवाल वाचल्यापासून दर पाडव्याला राखीव प्रतींतून त्यांतलें एखादें पत्र मी बाहेर काढतों आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचतों. हिशेबनीस याला तपासणी म्हणेल. मला त्या निमित्तानें आईची भेट होते.