व्यवस्थित ठेवलंय

लग्नाच्या पंगतीत शेजारच्या माणसाला स्वतःचा व्यवसाय सांगता येऊ नये, हे दुःख डॉक्टर, वकील आणि मास्तर या मंडळींना कळायचं नाही. त्यांचं एका शब्दात भागतं. माझ्या व्यवसायाला चार शब्द लागतात, आणि चौथा शब्द संपेपर्यंत ऐकणारा वाढप्याला हाक मारू लागलेला असतो.

मागच्या वैशाखात कर्वे रस्त्यावरच्या एका कार्यालयात मावशीनं मला गाठलंच.

"तू हल्ली करतोस काय रे?"

"एंटरप्राइज कन्टेन्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट आहे."

मावशीनं मठ्ठ्याची वाटी खाली ठेवली. "म्हणजे नोकरी सुटली?"

"नाही गं. मोठमोठ्या कंपन्यांचे कागद असतात ना, ते कम्प्युटरात कसे लावायचे, कुणाला दाखवायचे, कुणापासून लपवायचे आणि केव्हा टाकून द्यायचे, ते मी सांगतो."

"म्हणजे आवराआवर."

"तसंच म्हण."

"आणि त्याचे पैसे देतात?"

"डॉलरमध्ये."

मावशीनं माझ्या बायकोकडे बघितलं. "आणि घरी गं?"

"घरी ओला टॉवेलसुद्धा उचलत नाही," बायको जिलबीचा तुकडा मोडत म्हणाली, आणि सगळी पंगत माझ्या व्यवसायाविषयी एकदम सुशिक्षित झाली.

गेली बावीस वर्षं मी हा धंदा करतो. त्यातली बरीचशी कोथरूडहून हिंजवडीला जाण्यात आणि उरलेली परत येण्यात गेली, पण मधल्या वेळात जे काम झालं ते हेच. कन्सल्टंट म्हणजे लग्नातला मुलाचा काका. स्वतः पाटाला हात लावायचा नाही, पण पाट कुठं मांडायचे ते सांगायचं, आणि पाट चुकलेच तर गुरुजींकडे बघायचं. आमचे गुरुजी म्हणजे सॉफ्टवेअर. त्यांचंही सोपं नाही हो. मी ज्या सॉफ्टवेअरवर हात बसवला ते डॉक्युमेंटम. १९९० साली कॅलिफोर्नियात जन्मलेलं, २००३ साली ईएमसीच्या घरात दिलेलं. २०१६ साली ते घरच डेलनं घेतलं, आणि २०१७ साली आमची लेक ओपनटेक्स्टकडे नांदायला गेली. तिच्याहून वडील असलेल्या फाइलनेटचा जन्म १९८२चा, तिला २००६ साली आयबीएमनं करून घेतलं. एवढ्यावर थांबलं नाही. २०१७ सालीच गार्टनर नावाच्या अमेरिकन सल्लागारांनी आमच्या धंद्याचंच नाव बदलून 'कन्टेन्ट सर्व्हिसेस' ठेवलं. मावशीला मी अजून हे कळवलेलं नाही. तिला जुनं नाव पाठ व्हायचंय.

आता कंपन्यांचे कागद. तुम्हाला वाटेल, एवढाल्या कंपन्या, काचेच्या इमारती, तिथं सगळं कसं टापटीप असेल! एका कारखान्यात मी एका यंत्राच्या भागाचं ड्रॉइंग शोधायला बसलो, तर एकाच ड्रॉइंगच्या अकरा फायली निघाल्या. 'फायनल', 'फायनल नवं', 'फायनल नवं दोन', 'फायनल जोशींनी बघितलेलं', 'हेच घ्या' आणि 'हेच घ्या जुनं'. कारखाना चालू होता आणि भागही बनत होते. कशावरून बनत होते, विचारल्यावर फोरमननं खिशातून चौपदरी घडीचा, तेलकट कागद काढून दाखवला.

तर अशा ठिकाणी आम्ही शिस्त आणतो. प्रत्येक कागदाला आम्ही एक कुंडली जोडतो, तिला म्हणतात मेटाडेटा. कागद कशाचा, कधीचा, किती वर्षं ठेवायचा आणि मालक कोण. यातला मालक हा रकाना सगळ्यात वाईट. एका ठिकाणी हजारो कागदांपुढे एकाच गृहस्थांचं नाव होतं. कुठलाही कागद उघडायला गेलं की यंत्र म्हणायचं, मालकाची परवानगी घ्या. मालक चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून मुळशीकडे हुरडा पार्ट्या घालत होते. आमच्या धंद्यात अशा कागदांना 'ऑर्फन' म्हणतात. पोरके. आम्ही त्यांची यादी करतो, रंगीत तक्ता काढतो आणि त्याचं बिल लावतो.

या सगळ्याचं कौतुक न वाटणारा एकच माणूस आमच्या घरात आहे, तो म्हणजे अण्णा. माझे वडील. महसूल खात्यात रेकॉर्डकीपर होते, १९९७ साली निवृत्त झाले. मी पहिल्यांदा अमेरिकेला जाऊन आलो आणि मोठ्या तोऱ्यात त्यांना 'रिटेन्शन पॉलिसी' समजावून सांगू लागलो. शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "अ वर्ग कायम. ब तीस वर्षं. क त्याहून कमी. ड एक वर्ष. आणि टेबलावर सहा गठ्ठे. चालू कामाचे, उत्तराची वाट बघणारे, नियतकालिक, स्थायी आदेश, रेकॉर्डला पाठवायचे, नष्ट करायचे. तुझ्या अमेरिकेकडे सातवा गठ्ठा आहे का?"

"नाही."

"मग तिकीट कशाला काढलंस?"

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखिना नावाच्या जिल्हाधिकाऱ्यांनी तेव्हाच्या अहमदनगरला कचेरीतल्या कागदांना अशी काही शिस्त लावली की 'लखिना पॅटर्न' म्हणून तिचं नाव झालं. अण्णा ते नाव घेताना अजून जरा ताठ बसतात. आम्ही सचिनचं घेतो तसं.

माझ्या वर्गातल्या मुलांना त्यांचे वडील पेशवे पार्कात प्राणी बघायला नेत. मला अण्णांनी पेशवे दफ्तरात नेलं. कौन्सिल हॉलजवळची ती १८९१ सालची इमारत. आत मांडणीवर मांडणी, आणि मांडण्यांवर फडक्यात बांधलेले गठ्ठे. त्यांना रुमाल म्हणतात म्हटल्यावर मला हसू आलं आणि अण्णांनी डोळे वटारले. गोविंद सखाराम सरदेसायांनी त्यातून निवडून १९३० ते ३४ मध्ये पंचेचाळीस खंड छापले, हे त्यांनी मला अशा आवाजात सांगितलं की मला वाटलं, आता पाठ करून घेणार. "आणि एवढं करून किती उरलंय बघ," ते म्हणाले. "सगळं मोडीत. वाचणारा माणूस हवा. तो गेला की कागद असून नसल्यासारखा." मी आठ वर्षांचा. मला आइस्क्रीम हवं होतं.

अण्णांच्या या कागदवेडाचं मूळ पानशेतच्या पुरात. १२ जुलै १९६१. तेव्हा ते बावीस वर्षांचे, नदीकाठच्या वाड्यात दीड खोलीत राहत. पाणी ओसरल्यावर भांडी सापडली, शिवणयंत्रसुद्धा सापडलं, मॅट्रिकचं सर्टिफिकेट मात्र गेलं. त्याची नक्कल मिळवताना त्यांनी जे हेलपाटे घातले ते मी लहानपणी गोष्टीसारखे ऐकले आहेत. पुढे घरात आलेला कुठलाही कागद बाहेर गेला नाही. आणि कुठलाही कागद मागा, "व्यवस्थित ठेवलंय" म्हणायचे, आत जायचे, आणि पाच मिनिटांत आणून द्यायचे.

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीचं पुनर्विकासाचं ठरलं. कोथरूडमध्ये राहायचं म्हणजे हे कधीतरी होणारच, गोवर आल्यासारखं. बिल्डरच्या वकिलाला प्रत्येक घराचं मूळ शेअर सर्टिफिकेट आणि करारनामा हवा होता. झेरॉक्स चालणार नव्हती.

"अण्णा, घराचं शेअर सर्टिफिकेट कुठंय?"

"व्यवस्थित ठेवलंय."

मी वाट बघत उभा राहिलो. अण्णा उठले नाहीत. त्यांना आता शहाऐंशी पूर्ण आहेत, आणि गेली दोन वर्षं त्यांचं आठवणं जरा आत-बाहेर करतंय. जेवण झालं का ते विचारतात, जेवून उठल्यावर. ते खिडकीबाहेर बघत राहिले, आणि मी कपाट उघडलं.

बावीस वर्षांचा अनुभव पणाला लावला हो. आधी सर्व पिशव्यांची गणना केली. लॅपटॉपवर तक्ता केला, रकाने आखले. लोखंडी कपाट, बँकेचा लॉकर, माळ्यावरची ट्रंक, दिवाणाच्या पोटातलं. तीन शनिवार-रविवार गेले. सापडलं काय? १९७१ सालची विजेची बिलं, घासलेटाची रेशनकार्डं, अण्णांच्या बदलीचे हुकूम, पाच भाडेकरारांच्या पावत्या, आणि माझं इयत्ता चौथीचं प्रगतिपुस्तक, 'वस्तू हरवतो' या शेऱ्यासह.

"क्लायंटकडे असंच चालतं का रे?" बायकोनं चहा ठेवत विचारलं.

"तिथं जास्त वेळ लागतो."

चौथ्या रविवारी ट्रंकेच्या तळाशी एक लांब, लाल कापडी पुठ्ठ्याची वही हाताला लागली. अण्णांचं अक्षर, अण्णांचे रकाने. अनुक्रमांक, कागदाचं वर्णन, वर्ग, जागा, बाहेर दिल्याची तारीख, नेणाऱ्याची सही. माझ्या सगळ्या तक्त्याची त्या वहीसमोर मला लाज वाटली. ड वर्गापुढे 'माळा'. क वर्गापुढे 'दिवाण'. ब पुढे 'ट्रंक'. आणि अ वर्ग, म्हणजे कायम ठेवायचं सगळं, घराचे कागद, आमचे जन्मदाखले, विमा, त्या प्रत्येक नोंदीपुढे जागेच्या रकान्यात एकच शब्द होता.

'हिच्याकडे.'

आई जाऊन पाच वर्षं झाली.

मी वही घेऊन अण्णांच्या शेजारी बसलो. "अण्णा, हे 'हिच्याकडे' म्हणजे कुठं?"

त्यांनी वही डोळ्यांजवळ धरली. स्वतःचं अक्षर ओळखीचं वाटलं असावं, हसले. "अरे, मग तिलाच विचार ना. आत असेल स्वयंपाकघरात."

मी आणि बायकोनं एकमेकांकडे बघितलं नाही. काही वेळ पंख्याचाच आवाज येत होता. मग बायको उठली आणि खरोखरच आत गेली. मला वाटलं, डोळे पुसायला गेली. थोड्या वेळानं स्टूल ओढल्याचा आवाज आला.

"सोऱ्याच्या डब्याला आई कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत," ती आतून म्हणाली. "मला वाटायचं, मी पितळेची चकती हरवीन म्हणून."

आई गेल्यापासून आमच्याकडे चकल्या विकत येतात. पाच दिवाळ्या तो डबा वरच्या फळीवर तसाच होता. आत सोऱ्या, त्याच्या चकत्या फडक्यात बांधलेल्या, आणि तळाशी दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून केलेल्या पाकिटात अ वर्ग. सगळाच्या सगळा. दर दिवाळीला डबा निघायचा, म्हणजे दर दिवाळीला कागद बघितले जायचे. वर्षातून एकदा तपासणी करा, असं मी क्लायंटला सांगतो आणि ते ऐकत नाहीत.

सर्टिफिकेट घेऊन मी बाहेर आलो.

"सापडलं?" अण्णांनी विचारलं.

"सापडलं."

"कुठं होतं?"

"आईकडे."

"मग? मी काय सांगत होतो?" ते म्हणाले आणि वही माझ्यापुढे सरकवली. "बाहेर नेतोयस ना? तारीख घाल. सही कर."

मी तारीख घातली, सही केली. पेन तसंच हातात होतं.

"अण्णा, जागा बदलून लिहू का आता?"

"कशाला?" अण्णा म्हणाले. "काम झालं की परत तिथंच जायचंय ना ते."