लोणी आले नाही तो दिवस

नांदेडहून लातूरच्या रस्त्याला लागले, की लोह्यानंतर माळेगाव येते. मार्गशीर्षात इथे खंडोबाच्या यात्रेला जनावरांचा मोठा बाजार भरतो. कंधारची तांबडी लालकंधारी आणि काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची देवणी, दोन्ही याच मुलखातल्या. गेल्या वर्षी यात्रा पाहून मी अहमदपूरजवळच्या खेड्यात आत्याकडे मुक्कामाला गेलो.

पहाटे घुसळणीच्या आवाजाने जाग आली. खांबाला बांधलेली रवी, हातात दोर, आणि पंच्याऐंशी उलटलेली आत्या! तिचे नियम मला लहानपणापासून पाठ. दिवेलागणीनंतर विरजण द्यायचे नाही. घुसळताना बोलायचे नाही. लोणी किती निघाले ते बाहेर सांगायचे नाही. आणि डेऱ्यावर परक्याची नजर पडू द्यायची नाही. हा शेवटचा नियम मात्र १९७३च्या वैशाखातला.

त्या काळी गावात ताक विकत नसत. शेजारणीला ते हक्काचे असे. समोरची काकू रोजच्यासारखी तांब्या घेऊन आली होती. तिला मूलबाळ नव्हते. दोन तास घुसळूनही लोणी जमेना. आत्याने मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून काकूला ‘ताक नाही’ म्हणून सांगण्याचे काम माझ्याकडे आले. वाचकहो, मी ते अगदी इमानाने केले!

आज थंडीने लोणी धरेना, तेव्हा आत्याने डेऱ्यात थोडे ऊन पाणी ओतले. जरा वेळाने रवीचा आवाज बदलला, कण वर आले. स्निग्धांश फार गारठला तर कण एकमेकांना चिकटत नाहीत, फार ऊन झाला तर पातळ होऊन गोळा धरत नाही. शास्त्र एवढेच. आत्याच्या हातांना ते केव्हाचेच ठाऊक होते.

“आत्या, उन्हाळ्यात गार पाणी घालतेस ना? मग त्या वैशाखात?”

“गार पाणी कुठलं बाबा! दुष्काळ होता. विहीर आटलेली. प्यायलाच पाणी नव्हतं, तर—”

दोर तिच्या हातात तसाच राहिला.

“काकू आहे का गं?”

“आहे की. डोळ्यांनी दिसत नाही आता तिला.”

आत्याने तांब्याभर ताक काढले, त्यात लिंबाएवढा लोण्याचा गोळा सोडला आणि तांब्या माझ्या हाती दिला. काकूने मला ओळखले नाही. आत बोट घालून गोळा चाचपला, ताक आपल्या भांड्यात ओतून घेतले. रिकामा तांब्या परत देऊ नये म्हणून त्यात मूठभर शेंगा टाकल्या.

“उद्या येऊ का?” तिने विचारले.