बोटभर ग्रीस

माउंटन बाइकच्या फोर्कची सर्व्हिस करताना ग्रीस लागतं ते जेमतेम बोटभर. पण त्यासाठी सस्पेन्शनचं खास ग्रीस म्हणून मिळणारी २९ मिलिलिटरची डबी घ्यायची, तर तेवढ्या पैशांत नाना पेठेतल्या ऑटो पार्ट्सच्या दुकानातून एपी-३ ग्रीसचा अर्ध्या किलोचा डबा येतो आणि वर पैसे उरतात. पुण्यात घरच्या घरी फोर्क उघडणारा कुणीही या हिशेबापाशी थबकतो. दोन्हींत दिसायला मऊ, चिकट लगदाच असतो. मग इतका फरक कशाचा? स्वस्तात भागवायची इच्छा रास्त आहे. या खर्चिक छंदात वर्षानुवर्षं टिकायचं तर ती असायलाच हवी. मात्र स्वस्त ग्रीसच्या शोधात दुकानं पालथी घालण्याआधी फोर्कच्या आत काय चालतं ते नीट पाहून घ्यावं लागतं.

फोर्कच्या वरच्या दोन गुळगुळीत नळ्या, म्हणजे स्टँशन, खालच्या जाड पायांत वरखाली सरकतात. या पायांत बुशिंग असतात, त्यांच्या वर तेलात भिजवलेली फोमची कडी आणि सगळ्यात वर धूळ-चिखल अडवणारं वायपर सील. बुशिंगांना वंगण मिळतं ते पायांच्या तळाशी घातलेल्या काही मिलिलिटर तेलातून. ग्रीसची जागा वेगळी: वायपर सीलच्या आतल्या अंगाला दोन लिपांमधली खाच, आणि एअर फोर्क असेल तर हवेचा दाब धरून सरकणाऱ्या पिस्टनचं सील. तिथे रबर गुळगुळीत ॲल्युमिनियमवर सरकतं. ट्रकच्या चाकाच्या बेअरिंगसारखं ओझं तिथे नसतं, तेवढी उष्णताही नसते. पण हालचाल अर्ध्या मिलिमीटरची असली तरी ती ताबडतोब व्हावी लागते.

ही तत्परता सायकलस्वाराला हातात जाणवते. वेताळ टेकडीच्या वाटांवर मोठा दगड आला की कुठलाही फोर्क दबतो. बारीक खडीवर मात्र आधी सीलची जागची पकड सुटावी लागते. ती पकड जड असली की फोर्क ताठ राहतो आणि सगळी थरथर मनगटात येते. मेकॅनिक या पकडीला स्टिक्शन म्हणतात. सस्पेन्शनचं ग्रीस निवडायचं ते ही पकड हलकी करण्यासाठी.

ग्रीस म्हणजे तेल, ते धरून ठेवणारा साबण किंवा तसाच घट्टपणा आणणारा पदार्थ, आणि थोडी रसायनं. वजनाचा मोठा भाग तेलाचाच असतो. घट्टपणा मोजायची पद्धत अमेरिकेतल्या नॅशनल लुब्रिकेटिंग ग्रीस इन्स्टिट्यूट या १९३३ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या नावाने जगभर चालते. ग्रीस २५ अंश सेल्सिअसला ठेवून, ठरावीक पद्धतीने घोटून, त्यात एक ठरावीक वजनाचा शंकू सोडतात आणि पाच सेकंदांत तो किती खोल गेला ते मिलिमीटरच्या दहाव्या भागांत मोजतात. २६५ ते २९५ भरलं तर ग्रीस २ नंबरचं, ३१० ते ३४० भरलं तर १ नंबरचं. २२० ते २५० मध्ये शंकू थांबला तर ३ नंबरचं. एपी-३ मधला ३ तो हाच.

म्हणजे एपी-३ मुळात घट्ट आहे, आणि मुद्दाम घट्ट आहे. गाडीचं चाक तापलं, फिरलं, हादरलं तरी ते बेअरिंगमध्ये टिकून राहावं यासाठी ते बनवलेलं असतं. सायकलच्या हबमध्ये, हेडसेटमध्ये, पेडलच्या आट्यांवर त्याच्याइतकं किफायतशीर काही नाही. तिथे महागड्या डबीतलं ग्रीस लावणं म्हणजे पैसे वाया घालवणं. फोर्कच्या सीलवर मात्र त्याचा हाच गुण आड येतो. लिप सरकायला लागताना आधी त्या घट्ट थराला ढकलते. थंडीत हा थर आणखी ताठरतो, म्हणून डिसेंबरच्या पहाटे टेकडीवर अवघडलेला वाटणारा फोर्क उन्हं वर आल्यावर थोडा सुधारतो.

लिथियम ग्रीसने सील खराब होतात असं सायकलवाल्यांमध्ये सर्रास सांगितलं जातं. लिथियमचा साबण नायट्राइल रबराला खात नाही, आणि फोर्कमधली बरीचशी सील नायट्राइलचीच असतात. अडचण असते ती ग्रीसच्या घट्टपणाची आणि जड यंत्रांसाठी त्यात मिसळलेल्या रसायनांची किंवा काळ्या मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारख्या घन भुकटीची. हे ध्यानात आलं की निवड सोपी होते. डब्यावरच्या ‘लिथियम’ या शब्दाला न घाबरता नंबर कोणता, तेल कसलं आणि ग्रीस कुठल्या कामासाठी बनवलंय, हे वाचायचं.

एअर फोर्कमध्ये घट्ट ग्रीसचा आणखी एक धोका असतो. अनेक फोर्कच्या हवेच्या नळीत आतून एक छोटा खळगा असतो. पिस्टनचं सील त्या खळग्यावरून जातं तेव्हा वरच्या आणि खालच्या कप्प्यांतली हवा एकमेकांत जाऊन दाब सारखा होतो. हा खळगा ग्रीसने बुजला तर दाब सारखा होत नाही. फोर्क पूर्ण उघडत नाही किंवा सुरुवातीलाच कडक लागतो. चांगलं ग्रीससुद्धा ढीगभर लावलं तर हेच होतं. पोळीला तूप लावतात तसं ते लावावं: सगळीकडे पोचेल आणि कुठेही साचणार नाही.

या कामासाठीच बनवलेली मऊ ग्रीस कोणती? रॉकशॉक्सच्या १९९०च्या दशकातल्या ज्युडी फोर्कबरोबर ‘ज्युडी बटर’ नावाचं ग्रीस प्रसिद्ध झालं. रॉकशॉक्स २००२ साली स्रॅमकडे गेली आणि आज स्रॅम बटर छोट्या डबीत आणि ५०० मिलिलिटरच्या डब्यात मिळतं. त्याच्याच पंगतीला स्लिक हनी आणि स्लिकोलियम ही नावं येतात. फोर्क बनवणाऱ्या फॉक्सच्या सर्व्हिस सूचनांत स्लिकोलियम सुचवलेलं असतं. ही तिन्ही एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरणारे मेकॅनिक जगभर आहेत. तिन्ही मऊ, कमी घर्षणाची आणि नायट्राइल सीलशी जुळणारी. परवडण्याचा प्रश्न इथे ब्रँडपेक्षा डब्याच्या आकाराशी जास्त बांधलेला आहे. छोट्या डबीत ग्रॅममागे पडणारा दर मोठ्या डब्यात खूप खाली येतो.

मग मोठा डबा एकट्याने घ्यायचा का? रॉकशॉक्स आपल्या बऱ्याच फोर्कसाठी खालचे पाय दर ५० तासांनी आणि आतलं सगळं दर २०० तासांनी उघडायला सांगते. आठवड्याला चार तास चालवणाऱ्याला साधारण तीन महिन्यांनी एक, म्हणजे वर्षाला चार सर्व्हिस येतात. हात सैल सोडून एका खेपेला ५ ग्रॅम धरले तरी ४०० ग्रॅमच्या मोठ्या डब्यात ८० सर्व्हिस निघतात. एका माणसाला ते वीस वर्षं पुरेल. तेवढा काळ उघडझाक करून ग्रीस स्वच्छ राहणं अवघड. पण एकत्र चालवणाऱ्या दहा जणांनी वर्गणी काढून तो डबा घेतला तर दोन वर्षांत संपतो आणि प्रत्येकाच्या वाट्याला येणारा खर्च छोट्या डबीपेक्षाही कमी भरतो. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या बिनसुईच्या सिरिंजमध्ये ते भरून वाटावं. बोट घालायची वेळ येत नाही, माती मिसळत नाही, आणि हवं तिथे हवं तेवढंच टेकवता येतं. पैसे वाचवायच्या सगळ्या युक्त्यांमध्ये ही सगळ्यात खात्रीची.

तेवढेही पैसे लगेच घालायचे नसतील तर शहरात इतरांच्या धंद्यातलं काही हाताशी येतं. घरोघरी आरओ फिल्टर बदलायला येणारा तंत्रज्ञ हाऊसिंगच्या ओ-रिंगवर पारदर्शक सिलिकोन ग्रीस लावतो. ते छोट्या ट्यूबमध्ये स्वस्तात मिळतं, नायट्राइल रबराला चालतं, पाण्याने धुऊन जात नाही आणि थंडीतही मऊ राहतं. एअर कॅपच्या ओ-रिंगवर, वायपर सीलच्या खाचेत ते काम भागवतं. धातूवर धातू दाबून सरकतो तिथे मात्र सिलिकोन तग धरत नाही, म्हणून बेअरिंगपासून ते दूर ठेवावं. फ्रेमला रंग देणार असाल तर त्या टेबलावर सिलिकोन येऊच देऊ नये; त्याचा पुसट थरही रंग धरू देत नाही.

ऑटो पार्ट्सच्या दुकानात ब्रेक कॅलिपरसाठी लाल रबर ग्रीस मिळतं. ब्रेक फ्लुइडशी जुळणाऱ्या रबरावर खनिज तेल चालत नाही, रबर फुगतं. म्हणून हे वनस्पती तेलावर बनवतात. रबर सांभाळण्यात ते उत्तम. सरकण्याच्या बाबतीत मात्र सस्पेन्शनच्या मऊ ग्रीसची बरोबरी त्याला साधत नाही. व्हॅसलीन तर उन्हात तापलेल्या सायकलवर पातळ होऊन ओघळतं. फोर्कमध्ये त्याला जागा नाही. सुपर लुबसारखं पीटीएफई मिसळलेलं कृत्रिम तेलाचं ग्रीस यांहून बरं. ८५ ग्रॅमची ट्यूब येते, नंबर २, म्हणजे एअर पिस्टनसाठी हवं त्याहून थोडं घट्ट. पण सीट खालीवर करणाऱ्या ड्रॉपर पोस्टला चांगलं चालतं.

ड्रॉपर पोस्टचं काम निराळं. उताराला लागण्याआधी सीट खाली घ्यायची कल्पना जुनी आहे. जो ब्रीझ आणि जॉश एंजेल यांनी १९८४ साली त्यासाठी हाइट-राइट नावाची स्प्रिंग बाजारात आणली होती. २०१० साली रॉकशॉक्सचा रिव्हर्ब आला आणि बटण दाबून सीट खालीवर करणं सवयीचं होत गेलं. केबलवर चालणाऱ्या आजच्या बहुतेक पोस्टमध्ये गॅस भरलेलं बंद कार्ट्रिज असतं. ते घरी उघडायचं नसतं. मेकॅनिकचं काम त्याच्या भोवती असतं. वरची कॉलर सोडवून, जुनं ग्रीस पुसून, बुशिंगवर आणि सीट फिरू न देणाऱ्या पितळी कींच्या खाचांत नवं मऊ ग्रीस लावायचं, की पोस्ट पुन्हा सळसळत वर येतो. खाचांत एपी-३ भरलं तर तोच पोस्ट रेंगाळतो.

पोस्ट रेंगाळला म्हणून लगेच ग्रीसला दोष देऊ नये. सीट क्लॅम्प गरजेपेक्षा जास्त आवळला तर बाहेरची नळी किंचित दबते आणि आतली अडकते. टॉर्क रेंचने क्लॅम्प दिलेल्या मापावर आणला की कित्येक पोस्ट ग्रीसचा थेंबही न लावता सुधारतात. पोस्टचा फ्रेममध्ये जाणारा भाग हा आणखी वेगळा विषय. ॲल्युमिनियम किंवा स्टीलच्या फ्रेममध्ये तिथे साधं एपी-३ उत्तम. पावसाळ्यात दोन धातू एकमेकांना गंजून चिकटत नाहीत. कार्बनची फ्रेम असेल तर तिथे ग्रीसऐवजी कार्बन पेस्ट.

भारतात दिसणाऱ्या अनेक स्वस्त माउंटन बाइकवर स्प्रिंगचा साधा फोर्क असतो. त्यातल्या बऱ्याच फोर्कच्या पायांत तेल नसतं; जे काही वंगण आहे ते ग्रीसच. सह्याद्रीतला एक पावसाळा काढल्यावर असा फोर्क उघडला तर आत लाल चिखल आणि तांबारलेली स्प्रिंग सापडते. इथे एकाच फोर्कमध्ये दोन ग्रीस शोभतात. स्प्रिंगवर एपी-३चा थर: गंज अडतो, खडखडाट थांबतो. बुशिंगवर आणि सीलमध्ये मऊ ग्रीस. एवढ्याने हा फोर्क आधीपेक्षा कितीतरी शहाण्यासारखा वागतो, आणि ते पाहताना सर्व्हिस करणाऱ्याला होणारा आनंद महागड्या फोर्कएवढाच असतो.

नवं, अनोळखी ग्रीस लावण्याआधी त्याची परीक्षा घरी घेता येते. प्रयोगशाळेत ग्रीस आणि रबर यांचं जमतं का हे पाहायला एएसटीएम डी ४२८९ ही पद्धत आहे. रबराचा तुकडा तापवलेल्या ग्रीसमध्ये बुडवून ठेवतात आणि त्याचं आकारमान, कडकपणा किती बदलला ते मोजतात. घरी त्याची साधी आवृत्ती करावी. जुन्या सीलच्या किटमधली ओ-रिंग व्हर्नियरने मोजायची, आठवडाभर ग्रीसमध्ये ठेवायची, पुसून पुन्हा मोजायची. फुगली, आक्रसली, चिकट झाली तर ते ग्रीस हबसाठी ठेवून द्यावं. शिवाय नवं ग्रीस जुन्यावर कधीच चढवू नये. घट्टपणा आणणारे दोन वेगळे पदार्थ एकत्र आले तर मिश्रण पातळ होऊन वाहू शकतं. आधी एअर फोर्कमधली सगळी हवा सोडायची, मगच खोलायचा; जुनं ग्रीस आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणाऱ्या फडक्याने पुसायचं. ब्रेकच्या डिस्कला ग्रीसचा हात लागू द्यायचा नाही.

असा हिशेब बसवला की ग्रीसवरचा वर्षाचा खर्च एका टायरच्या किमतीच्या जवळपासही जात नाही. वाचलेले पैसे वायपर सील आणि फोमच्या कड्यांच्या नव्या जोडीसाठी बाजूला काढावेत. फाटलेल्या लिपमधून आत गेलेली धूळ बुशिंग आणि स्टँशनवरचा लेप घासत राहते, आणि स्टँशन बदलायची वेळ आली तर कित्येकदा त्यापेक्षा नवा फोर्क परवडतो.