लाल शाई

जिल्हा परिषदेच्या शाळांत मी 33 वर्षं मराठी शिकवली. नोकरी लागली तेव्हा गाव अकोला जिल्ह्यात होतं. 1 जुलै 1998 ला वाशीम जिल्हा झाला आणि जागचा न हलता मी नव्या जिल्ह्याचा मास्तर झालो. माणसाचं नवं होणं एवढं सोपं असतं तर काय पाहिजे होतं!

अठ्ठावन्न पुरी झाली, शाल-श्रीफळ घेऊन घरी आलो आणि दुसऱ्याच महिन्यात दोनशेपानी वही आणली. गोष्टी लिहायच्या होत्या. पहिली मायवर. पऱ्हाट्या ओल्या, चूल पेटत नाही, फुंकता फुंकता तिच्या डोळ्यांत धूर जातो, एवढाच प्रसंग. चार दिवस घासूनपुसून लिहिला. माझ्या गोष्टीतली माय म्हणाली, “बाळा, सरपण ओले आहे रे, डोळ्यांची नुसती आग होते आहे.”

बायको तुरीच्या शेंगा सोलत होती. तिला वाचून दाखवलं. हात न थांबवता ती म्हणाली, “हे बुडी कोनची होय वो? पुन्याची का? आत्याबाई कई अशा बोलल्या?”

राग आला. वही मिटून पद्मतीर्थ तळ्यापर्यंत फिरून आलो. माय म्हणायची, “डोयात धूर गेला रे बाप्पा.” ते कानात पक्कं होतं, पण हातातून उतरत नव्हतं. हाताला वळणच दुसरं. कधीकाळी एका पोरानं निबंधात लिहिलं होतं, ‘मायनं मले भाकर देल्ली.’ मी ‘मले’ आणि ‘देल्ली’भोवती लाल गोल काढले, वर ‘मला’, ‘दिली’ लिहिलं. परीक्षेपुरतं ते बरोबरच होतं. आजही तसंच करीन. पण वाक्य चांगलं आहे, एवढं शेजारी लिहायला माझं काय जात होतं?

उतारवयात नवं काही करायचं म्हटलं की लोक डॉ. श्रीराम लागूंचा दाखला देतात. बेचाळिसाव्या वर्षी त्यांनी शस्त्रक्रिया सोडून रंगभूमी धरली. पण नाटक त्यांना कॉलेजातच चिकटलेलं होतं. मला जास्त जवळच्या वाटतात त्या लक्ष्मीबाई टिळक. जन्म 1868 चा, ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग आला 1934 ला. त्या शाळेत गेल्या नव्हत्या, म्हणून बोलतात तशा लिहू शकल्या. मी शिकलोही आणि वर शिकवलंही, म्हणून माझी पंचाईत.

आमच्या वाशीमला खरं तर ही पंचाईत शोभत नाही. हे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तिचा पहिला राजा सर्वसेन यानं चौथ्या शतकात ‘हरिविजय’ काव्य लिहिलं, तेही संस्कृतात नव्हे, प्राकृतात. त्याची प्राकृत दरबारी होती, बाजारातली नव्हे, हे कबूल. ते काव्य आज हरवलं आहे. पुढच्या शास्त्रकारांनी उद्धृत केलेले श्लोक तेवढे उरले. आणि आमच्याच जिल्ह्यातले नामदेव कांबळे; त्यांच्या ‘राघववेळ’ला 1995 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. म्हणजे सबब सांगायला जागाच नाही.

मायची गोष्ट मी आता पाचव्यांदा लिहितो आहे. वाईट खोड अशी, की ‘डोयात’ लिहिलं की बोटं आपोआप लाल पेन शोधतात. पेन बायकोनं किराण्याच्या यादीसाठी नेलं, ते बरं झालं. दुसरी अडचण मोठी आहे. कित्येक शब्द मला आठवतच नाहीत. पोरांच्या वह्यांत ते होते, आणि मीच खोडले.

तेव्हा माझ्या हाताखालून गेलेल्या पोरापोरींनो, तुमच्या माळ्यावर, पेटीत एखादी जुनी निबंधाची वही असेल तर घेऊन या. लाल गोलांच्या आतलं तेवढं उतरवून घेतो आणि वही परत करतो.