आभाससृष्टीचा सदुपयोग

नवें साधन मनुष्याच्या हातीं आलें कीं प्रथम त्याचा खेळ होतो, पुढें त्याचें व्यसन लागतें, आणि पुष्कळ काळ लोटल्यावर त्याचा उपयोग काय, हें कोणी विचारूं लागतो. गेल्या पालकसभेंत एका गृहस्थांनीं आम्हांस विचारलें, “सर, मुलगा घरांत बसलेला असतो आणि मन भलत्याच गांवीं असतें. आतां तो आभासी जगाचा चष्मा मागतो आहे. द्यावा कीं देऊं नये?” प्रश्न रास्त होता. त्याचें उत्तर एका शब्दांत देणें आम्हांस प्रशस्त वाटलें नाहीं. म्हणून तें येथें विस्तारानें लिहीत आहों.

प्रथम हें यंत्र काय आहे तें पाहूं. आपले दोन डोळे एकाच वस्तूकडे किंचित् निरनिराळ्या जागांवरून पाहतात, आणि त्या दोन चित्रांच्या मिलाफांतून वस्तु जवळ कीं दूर हें मेंदूस कळतें. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें ही गोष्ट १८३८ सालीं स्टीरिओस्कोप नांवाच्या उपकरणानें दाखवून दिली. आजच्या चष्म्यांत प्रत्येक डोळ्यापुढें भिंगांतून दिसणारें वेगळें चित्र असतें. शिवाय मान वळतांच ती किती वळली हें यंत्र मोजतें व चित्रही त्याप्रमाणें बदलतें. त्यामुळें आपण चित्र पाहत नसून चित्राच्या आंत उभे आहों असें वाटूं लागतें. डोक्यावर चढवावयाचें असें संगणकचालित साधन अमेरिकेंत आयव्हन सदरलंड यांनीं १९६८ सालीं सिद्ध केलें. तें वर छतास जोडलेलें असे.

परंतु या कल्पनेचें मूळ त्याहून जुनें आहे. अमेरिकेंतील बिंगहॅम्टन गांवीं एडविन लिंक हा तरुण वडिलांच्या पिआनो व ऑर्गन बनविण्याच्या कारखान्यांत काम करी. त्यास विमानाचा छंद होता. परंतु विमानविद्या शिकणें त्या काळीं फार खर्चाचें होतें. ऑर्गनाच्या भात्यांचें ज्ञान कामीं लावून त्यानें १९२९ च्या सुमारास जमिनीवरच डोलणारें एक लहानसें विमान तयार केलें. विमानशाळांनीं त्याची फारशी दखल घेतली नाहीं. जत्रेंतील खेळ म्हणून मात्र तें खपलें. पुढें १९३४ सालीं विमानानें टपाल नेण्याचें काम तेथील लष्करी वैमानिकांवर पडलें, आणि धुक्यांत केवळ उपकरणें पाहून उडण्याचा सराव नसल्यामुळें त्यांपैकीं कित्येक तरुण प्राणांस मुकले. तेव्हां कोठें लष्करानें लिंकचीं सहा यंत्रें विकत घेतलीं. दुसऱ्या महायुद्धांत लाखों वैमानिकांचें शिक्षण याच जातीच्या यंत्रांवर झालें. त्या खोट्या विमानांत आजच्यासारखीं चित्रें नव्हतीं. पण तत्त्व हेंच होतें. त्यांत शिकाऊ माणूस दहा वेळां कोसळला तरी दहाही वेळां धडधाकट बाहेर येई.

हेंच तत्त्व पुढें शस्त्रवैद्यांनीं उचललें. पोटास लहान छिद्रें पाडून दुर्बिणीच्या साह्यानें पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया सांप्रत ठिकठिकाणीं होते. अमेरिकेंतील येल विद्यापीठांत १६ शिकाऊ शस्त्रवैद्यांचे दोन गट करण्यांत आले. एका गटानें नेहमींच्या शिक्षणाखेरीज संगणकाच्या पडद्यावर आभासी शस्त्रक्रियेचा सराव केला. या प्रयोगाचा निष्कर्ष २००२ सालीं प्रसिद्ध झाला. सराव केलेल्यांनीं पित्ताशय सोडविण्याचें काम २९ टक्के अधिक जलद केलें. आणि सराव नसलेल्यांकडून पित्ताशयास इजा होण्याचा वा भलताच भाग भाजण्याचा संभव पांचपट आढळला. सोळा ही कांहीं मोठी संख्या नव्हे. तथापि शिकाऊ हात प्रथमच ज्याच्या पोटावर चालावयाचा, त्या रुग्णाच्या जागीं आपले वडील आहेत अशी वाचकांनीं क्षणभर कल्पना करावी, म्हणजे या आंकड्यांचें मोल कळेल.

दोन वर्षांमागें एका विज्ञानप्रदर्शनांत आम्हीं हा चष्मा स्वतः लावून पाहिला. उंच इमारतीच्या गच्चीवरून बाहेर काढलेल्या एका फळीवर आम्हांस उभें केलें होतें. पायांखालीं शहाबादी फरशी आहे हें पक्कें ठाऊक असूनही तळपायांस घाम सुटला आणि पाऊल उचलेना. बुद्धीस ठाऊक असलेली गोष्ट देहास पटत नव्हती. मानसोपचार करणाऱ्यांनीं नेमकें हेंच हेरलें. उंचीच्या भयानें ग्रासलेल्या कांहीं विद्यार्थ्यांस बार्बरा रॉथबॉम व त्यांचे सहकारी यांनीं आभासी सज्जे, पूल व कांचेची लिफ्ट यांवरून कित्येक आठवडे हळूहळू वर वर नेलें. १९९५ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें कीं, त्या विद्यार्थ्यांची भीति ओसरली. इतकेंच नव्हे, तर त्यांपैकीं कित्येक जण, कोणी न सांगतां, खऱ्या उंच जागीं जाऊन आले.

आतां जी गोष्ट सांगावयाची ती आम्हांस विशेष जवळची आहे. आमची धाकटी बहीण परिचारिका आहे. कित्येक वर्षें तिनें भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डांत काम केलें. ती सांगते कीं, तेथील मुलांस रोजची मलमपट्टी बदलण्याची वेळ सर्वांत भयंकर वाटे. औषधांच्या गाडीचीं चाकें वाजलीं कीं सारा वॉर्ड रडूं लागे. अमेरिकेंत सिॲटल येथें हंटर हॉफमन व डेव्हिड पॅटरसन यांनीं अशा रुग्णांसाठीं बर्फाचें एक आभासी जग रचिलें. इकडे जखमेवर उपचार चालू असतां रुग्ण त्या हिमदरींतून तरंगत जातो व हिममानवांवर आणि पेंग्विन पक्ष्यांवर बर्फाचे गोळे फेंकतो. मनाचें अवधान मर्यादित असतें. तें बर्फांत गुंतलें म्हणजे वेदनेच्या वांट्यास थोडेंच उरतें. औषधें द्यावींच लागतात. परंतु त्यांच्या जोडीस हें साधन असतां वेदना कमी जाणवली, असें रुग्णांनीं सांगितलें आहे. हें आम्हीं बहिणीस वाचून दाखविलें. बराच वेळ ती कांहीं बोलली नाहीं, मग एवढेंच म्हणाली, “दादा, आमच्या वॉर्डांत हें असतें तर त्या लेकरांना किती बरें झालें असतें!” आम्ही ज्यास पलायन म्हणून नांवें ठेवतों, तें योग्य जागीं केवढी मोठी दया ठरूं शकतें, हें त्या दिवशीं आम्हांस उमगलें.

या साधनांत दोष नाहींत असें नव्हे. आपण पुढें चाललों असें डोळे सांगतात, आणि आपण स्थिर आहों असें कानांतील तोल सांभाळणारें इंद्रिय सांगतें. या झगड्यांत कित्येकांस मळमळतें. लहान मुलांसाठीं यंत्रें बनविणारेच वयाची मर्यादा घालतात, ती पाळलीच पाहिजे. शिवाय आभासी रुग्ण कण्हत नाहीं, आणि त्याची आई दाराशीं वाट पाहत बसलेली नसते. तें शिक्षण खऱ्या रुग्णापाशींच मिळावयाचें.

तेव्हां त्या गृहस्थांस आमचें उत्तर असें. वैमानिक त्या जगांतून उतरून खऱ्या आकाशांत गेला, भित्रा विद्यार्थी खऱ्या पुलावर चढला, आणि भाजलेलें मूल मलमपट्टी सोसून बरें होऊं लागलें. तुमचा मुलगा तेथून परत येतो तेव्हां काय घेऊन येतो, तें पाहा. कांहीं आणीत असेल तर चष्म्यास भिऊं नका. रित्या हातीं येत असेल, तर चष्मा काढून ठेवा आणि त्यास जवळ बसवून विचारा कीं, बाळ, या घरांतून तुला पळावेंसें कां वाटतें? विद्यार्थिमित्रहो, हाच प्रश्न तुम्हीं स्वतःस विचारलात, तर वडिलांना विचारावा लागणार नाहीं.