थोर कोण?

वाचकहो, टेनिसमधला सर्वांत थोर खेळाडू कोण, या प्रश्नापायी आमच्या घरात एकदा अबोला आला होता. २००८ साली विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात राफाएल नदालने रॉजर फेडररला पाच सेट्समध्ये हरविले. सामना संपला तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटली होती. दादा फेडररचा भक्त, मी नदालचा. विजयाच्या भरात मी काहीतरी लागेल असे बोललो. दादा मुकाट्याने निजावयास गेला. आठवड्याने बोलणे सुरू झाले. टेनिसचा विषय मात्र आम्ही चौदा वर्षे टाळला.

पुढे नोव्हाक जोकोविचने दोघांनाही मागे टाकले. फेडररची प्रमुख विजेतेपदे २०, नदालची २२, जोकोविचची २४. परंतु आकड्यांनी तरी निवाडा कोठे होतो? ऑस्ट्रेलियाच्या रॉड लेव्हरने १९६२ आणि १९६९ या दोन्ही वर्षी चारही प्रमुख स्पर्धा जिंकल्या. मधली पाच वर्षे, १९६३ ते १९६७, व्यावसायिक म्हणून त्याला त्यांची दारे बंद होती. त्याच्या नावावर विजेतेपदे ११. त्या पाच वर्षांचा हिशेब कोणी मांडावा?

सप्टेंबर २०२२ मध्ये लंडनला, लेव्हरच्याच नावाच्या चषकस्पर्धेत, फेडरर अखेरचा सामना खेळला, तोही नदालच्या जोडीने. ते हरले. नंतर दोघेही शेजारी बसून रडले. त्या पहाटे दादाचा दूरध्वनी आला. "पाहिलंस?" एवढेच तो म्हणाला.

वाचकहो, वाद अवश्य घालावा. अबोला तेवढा धरू नये.